नवोदितांच्या पगाराला वेसण: किती, आणि किती काळ?

2010 च्या एप्रिलमध्ये सेंट लुइस रॅम्स संघाने ओक्लाहोमा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) सॅम ब्रॅडफर्ड याला महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या क्रमांकावर निवडले. पुढे त्याच्याशी सहा वर्षांचा, 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार झाला. त्यातले 5 कोटी डॉलर हमीचे होते, म्हणजे तो खेळला नाही किंवा वाईट खेळला तरी मिळणारे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉम ब्रेडीने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सशी नवा करार केला. ब्रेडीच्या नावावर तेव्हा तीन सुपर बोल (लीगची विजेतेपदे) होते, तरी त्याची हमीची रक्कम 4 कोटी 85 लाख होती. व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकही चेंडू न फेकलेल्या मुलाची हमी त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूच्या हमीपेक्षा मोठी होती.

वर्षभराने कॅरोलायना पँथर्सने कॅम न्यूटनला पहिल्याच क्रमांकावर घेतले. तोही क्वार्टरबॅक, तोही ब्रॅडफर्डसारखाच महाविद्यालयीन फुटबॉलचा हाइसमन करंडक जिंकलेला. त्याला चार वर्षांसाठी सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. या दोन उन्हाळ्यांच्या मध्ये अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा सामुदायिक करार झाला आणि नवोदितांच्या पगाराला कमाल मर्यादा बसली. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. इथे विषय आहे तो हेल्मेट आणि खांद्यावर चिलखत घालून, हातात लंबगोल चेंडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा.

ही मर्यादा योग्य होती का, यावर अमेरिकेत अजूनही वाद आहे. बहुतेक चर्चा रकमेभोवती फिरते: एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला इतके पैसे द्यावेत का? माझ्या मते खरा प्रश्न रकमेचा नाही, मुदतीचा आहे. रकमेवर मर्यादा घालण्याला चांगली कारणे आहेत. मात्र ती मर्यादा चार-पाच वर्षे टिकवायची आणि त्या काळात खेळाडूला तोंड उघडू द्यायचे नाही, याला मला एकही चांगले कारण सापडत नाही. या खेळात चार वर्षे म्हणजे बहुतेकांची सगळी कारकीर्द असते.

नवोदिताचा भाव पाडण्याची पद्धत 2011 ची नाही, ती ड्राफ्टइतकीच जुनी म्हणावी लागेल. 1935 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवले की महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंना सगळ्या संघांनी वाटून घ्यावे आणि सर्वांत कमकुवत संघाला पहिली निवड द्यावी. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. ज्या संघाने तुमचे नाव पुकारले त्याच्याशीच बोलणी करायची, दुसऱ्याकडे जायचे नाही. यामुळे दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळू लागले हे खरेच, पण खेळाडूला गिऱ्हाईक एकच उरले हेही तितकेच खरे. त्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव निघालेला जे बरवँगर शेवटपर्यंत या लीगमध्ये खेळलाच नाही.

गिऱ्हाईक दोन झाले की काय होते ते 1960 च्या दशकात दिसले. अमेरिकन फुटबॉल लीग नावाची प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली, आणि जानेवारी 1965 मध्ये तिच्या न्यूयॉर्क जेट्स संघाने अलाबामाच्या जो नेमथला 4 लाख 27 हजार डॉलर देऊन ओढून नेले. तेव्हाच्या मानाने ती रक्कम थक्क करणारी होती. वर्षभराने, 1966 मध्ये, दोन्ही लीगनी विलीनीकरणाचा निर्णय घेतला, 1967 पासून ड्राफ्ट एकच झाला आणि नवोदितांसाठीची चढाओढ तिथेच थांबली.

1968 मध्ये वॉशिंग्टन संघाने ऑरेगनच्या जेम्स स्मिथला, ज्याला ‘याझू’ म्हणत, पहिल्या फेरीत घेतले. एका वर्षाचा करार, बोनस धरून एकूण 50 हजार डॉलर. पहिल्याच हंगामात मानेला अशी दुखापत झाली की खेळ कायमचा संपला. स्मिथने न्यायालयात म्हटले की ड्राफ्ट नसता, चार संघांशी बोलता आले असते, तर मी माझ्या जोखमीची खरी किंमत वसूल करू शकलो असतो. 1978 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मान्य केले की त्या स्वरूपातला ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो.

असा निकाल लागूनही ड्राफ्ट टिकला. अमेरिकी कायद्यानुसार एखादे बंधन मालकांनी एकतर्फी लादले तर ती मक्तेदारी ठरू शकते. तेच बंधन कामगार संघटनेशी झालेल्या करारात आले तर न्यायालये सहसा हात घालत नाहीत. पुढे ही मोकळीक आणखी वाढली. 1989 मध्ये मालकांनी सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंचा पगार आठवड्याला सरसकट 1000 डॉलर ठरवून टाकला. संघटना तयार नव्हती, बोलणी फिसकटली होती. अँटनी ब्राउन आणि त्याच्यासारखे दोनशेहून अधिक खेळाडू न्यायालयात गेले, ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, तिपटीने धरलेली भरपाई 3 कोटी डॉलरच्या वर गेली. शेवटी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सगळे फिरवले: प्रकरण सामुदायिक वाटाघाटीतून आले आहे, तेव्हा मक्तेदारीचा कायदा इथे लागत नाही. नवोदितांच्या पगारावर घातलेली आजची मर्यादा याच कायदेशीर छत्राखाली उभी आहे.

1993 च्या करारात संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. 1994 मध्ये तो आकडा 3 कोटी 46 लाख डॉलर होता. त्याच वेळी नवोदितांसाठी वेगळी रक्कम बांधून दिली गेली, पण ती मुख्यतः पहिल्या वर्षाच्या हिशेबाला लागू होती. एजंटांनी दुसऱ्या वर्षी मिळणारे बोनस, कामगिरीनुसार वाढणाऱ्या रकमा, करार लवकर संपवण्याची कलमे अशा वाटा काढल्या. शिवाय गेल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला जे मिळाले, त्यावर चढ घेऊनच यंदाच्या तिसऱ्या क्रमांकाची बोलणी सुरू होत. खेळाडू कसा आहे यापेक्षा तो कितवा निवडला गेला, याला भाव होता.

त्याचा शेवट कुठे झाला हे ओकलंड रेडर्सने अनुभवले. 2007 मध्ये त्यांनी जमार्कस रसेलला पहिल्या क्रमांकावर घेतले. सराव शिबिर संपले, हंगाम सुरू झाला, तरी करार होत नव्हता. सप्टेंबरमध्ये झाला तेव्हा तो सुमारे 6 कोटी 10 लाखांचा होता आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम हमीची. तीन हंगामांत त्याने 25 सामन्यांत सुरुवात केली, त्यातले सात जिंकले. 2010 च्या मे महिन्यात संघाने त्याला सोडले तेव्हा सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर त्याच्या खात्यात गेले होते. 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने दहाव्या क्रमांकावर घेतलेला मायकेल क्रॅबट्री तर ऑक्टोबर उजाडेपर्यंत करारच करेना.

मर्यादेच्या बाजूने बोलणारे रसेलचे नाव पहिल्यांदा घेतात. मला ते फारसे पटत नाही. चुकीची निवड संघाने केली होती, रसेलने नव्हे. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र खराच भक्कम आहे. ड्राफ्टचा हेतू दुबळ्या संघाला वर आणण्याचा. पण पहिल्या पाच-सहा क्रमांकांचे भाव इतके चढले होते की ती निवड म्हणजे बक्षीस न राहता दंड झाली होती. 2008 मध्ये डेट्रॉइट लायन्सने सोळाच्या सोळा सामने गमावले. त्याचे फळ म्हणून मिळालेल्या पहिल्या निवडीत मॅथ्यू स्टॅफर्ड आला आणि त्याच्यासोबत 4 कोटी 17 लाख डॉलरची हमी. ती निवड विकायला काढावी तरी घेणारा कोण?

यावर अर्थशास्त्रज्ञांनीही काम केले आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा ‘द लूझर्स कर्स’ हा निबंध आधी 2005 मध्ये अभ्यासपत्र म्हणून आला आणि 2013 मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात छापला गेला. थेलर यांना पुढे 2017 मध्ये नोबेल मिळाले. दोघांनी खेळाडूच्या कामगिरीची बाजारभावाने किंमत काढली, तिच्यातून त्याचा पगार वजा केला आणि संघाच्या हाती काय उरते ते पाहिले. जुन्या व्यवस्थेत हे उरलेले मूल्य पहिल्या क्रमांकाला सर्वांत जास्त असायला हवे होते. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत खाली जावे तसे ते वाढत होते आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सर्वाधिक होते. संघ स्वतःच्या पारखीवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. त्यातून आणखी एक गोष्ट निघते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: जास्त पैसे मिळत होते ते वरच्या दहा-पंधरा जणांना. दुसऱ्या फेरीपासून खालचे शेकडो खेळाडू जुन्या व्यवस्थेतही आपल्या कामापेक्षा कमीच घेत होते.

आजार वरच्या दहा-पंधरा जणांपुरता होता, औषध मात्र सगळ्यांना पाजले गेले. दरवर्षी ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात आणि न निवडलेले आणखी कित्येक थेट करार करून येतात. 2011 च्या करारात या सगळ्यांच्या मुदती ठरल्या. ड्राफ्टमधून आलेल्याला चार वर्षे. पहिल्या फेरीत आलेल्याला चार, आणि संघाला वाटले तर पाचवे. ड्राफ्टबाहेरून आलेल्याला तीन. निवडलेला खेळाडू तिसरा हंगाम संपेपर्यंत कराराला हात लावू शकत नाही, ड्राफ्टबाहेरचा दुसरा हंगाम संपेपर्यंत. मुदत संपली की संघाकडे ‘फ्रँचायझी टॅग’ आहे: ठरावीक पगार देऊन आणखी एक वर्ष अडकवून ठेवायचे. हे दुसऱ्यांदाही करता येते.

त्या उन्हाळ्यातली बोलणी आठवली तर मुदतीचे महत्त्व दोन्ही बाजूंना नीट कळत होते हे दिसते. मार्च ते जुलै 2011 मालकांनी टाळेबंदी केली होती. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल नवोदितांच्या पगाराबद्दल 2008 पासून जाहीर नाराजी दाखवत होते. डीमॉरिस स्मिथ यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने रकमेवरची मर्यादा तत्त्वतः मान्य केली, पण तिला लहान करार हवे होते, मालकांना लांब. जुलैमध्ये तडजोड जवळ आली तेव्हाही पहिल्या फेरीतल्या खेळाडूंच्या पाचव्या वर्षाची किंमत काय, हा मुद्दा शेवटपर्यंत अडून होता. मालकांना वर्षे मिळाली. संघटनेला सरावाचे दिवस कमी करून मिळाले, संघांनी किमान किती खर्च करायचाच याची अट मिळाली, आणि 1993 च्या आधी निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनसाठी 62 कोटी डॉलरचा निधी मिळाला. त्या म्हाताऱ्या खेळाडूंची गुडघ्यांची आणि मेंदूची दुखणी पाहता तो निधी गरजेचाच होता, याबद्दल मला शंका नाही.

या सगळ्या व्यवहाराची किंमत कोणी मोजली? जे अजून महाविद्यालयात शिकत होते त्यांनी. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, बोलणीच्या टेबलावर त्यांचा माणूस नव्हता. महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यात वावरलेल्याला हे नवे नाही. कायम कामगारांच्या पगारवाढीचा करार होतो, आणि त्याच करारात पुढे भरती होणाऱ्यांची वेतनश्रेणी खाली बांधली जाते. सही करणाऱ्याचे काही जात नाही, ज्याचे जाते तो अजून दारातही आलेला नसतो. यावर अमेरिकी कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने 2003 मध्ये लीगचा एक नियम न्यायालयात नेला होता: शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही. तेव्हा अपील न्यायालयात असलेल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी निकाल लिहिला. त्याचा आशय असा की संघटना उद्या येणाऱ्यांच्या वतीनेही करार करू शकते, आणि नव्याला तो जाचक वाटला म्हणून तो बेकायदा होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल, पण न्याय म्हणून मला ते अपुरे वाटते. एकवीस वर्षांचा होईपर्यंत आत येऊ द्यायचे नाही, आत आल्यावर पंचवीस-सव्वीसपर्यंत बोलू द्यायचे नाही.

आता मर्यादेमुळे वाचलेल्या पैशांचे काय झाले ते पाहू. संघमालकांनी ते खिशात घातले, असा आरोप होतो, तो पूर्ण खरा नाही. लीगच्या उत्पन्नातला साधारण 47-48 टक्के वाटा खेळाडूंना जातो, हे करारानेच बांधलेले आहे. म्हणजे नवोदितांकडून काढून घेतलेला डॉलर बहुतांशी दुसऱ्या कोणा खेळाडूकडे गेला. मर्यादेच्या समर्थकांनी सांगितले होते की तो अनुभवी खेळाडूंकडे जाईल, सहा-आठ वर्षे इमानेइतबारे खेळलेल्या मधल्या फळीकडे.

सिअ‍ॅटल सीहॉक्सचा 2013 चा हंगाम घ्या. क्वार्टरबॅक रसेल विल्सन आदल्या वर्षी तिसऱ्या फेरीत, 75 व्या क्रमांकावर आलेला. चार वर्षांचा करार सुमारे 30 लाख डॉलरचा, 2013 चा मूळ पगार 5 लाख 26 हजार. संघातल्या सर्वांत महत्त्वाच्या जागेवर इतका स्वस्त माणूस मिळाल्यावर सिअ‍ॅटलने उरलेल्या पैशांतून बचावफळीत क्लिफ अ‍ॅव्हरिल आणि मायकेल बेनेट यांना आणले, मिनेसोटाकडून पर्सी हार्विनला घेतले. फेब्रुवारी 2014 मध्ये सुपर बोलमध्ये त्यांच्यासमोर डेन्व्हर ब्रॉन्कोज होते, ज्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग त्या हंगामात सुमारे दीड कोटी डॉलर घेत होता. सिअ‍ॅटलने 43-8 असा धुव्वा उडवला. विजेतेपद मिळवून दिल्यावरही विल्सनला पगार वाढवून मागता येत नव्हता, कारण तिसरा हंगाम संपायचा होता. 2015 मध्ये तो मोकळा झाला आणि चार वर्षांसाठी 8 कोटी 76 लाख मिळाले.

तेव्हापासून प्रत्येक संघ हाच डाव टाकू पाहतो: क्वार्टरबॅक नवोदिताच्या पगारावर असेपर्यंत संघ भरून घ्यायचा आणि जिंकायचे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटी, 262 व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी 2023 मध्ये 8 लाख 70 हजार डॉलर मूळ पगारावर सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. त्याला 2025 मध्ये पाच वर्षांचा 26 कोटी 50 लाखांचा करार मिळाला. डलसच्या डॅक प्रेस्कॉटचीही वाट तीच: चौथ्या फेरीतून आला, चार वर्षे 27 लाखांच्या आसपास, आणि 2024 च्या करारात वर्षाला 6 कोटी. वाचलेला पैसा सर्वाधिक गेला तो असा: ज्यांचा पहिला करार सुखरूप पार पडला त्या मोजक्या क्वार्टरबॅकांच्या दुसऱ्या करारात.

मधल्या फळीच्या वाट्याला वेगळेच आले. 2025 मध्ये नवोदिताचा किमान पगार 8 लाख 40 हजार डॉलर होता. सात वर्षे खेळलेल्याचा किमान 12 लाख 55 हजार. बचावफळीतला राखीव लाइनबॅकर निवडायचा आहे, दोघे साधारण सारखेच आहेत, तर प्रशिक्षक कोणाला ठेवेल? अनुभवी खेळाडूचा हिशेब हलका दिसावा म्हणून करारात सवलती आहेत, कमी पगारात जास्त खेळणाऱ्यांसाठी कामगिरीचा निधी आहे. त्यांचा उपयोग होतो. पण बावीस वर्षांचा, चार वर्षे स्वस्तात बांधलेला मुलगा दारात उभा असताना एकतिसाव्या वर्षी जागा टिकवणे अवघड झाले आहे. म्हणजे नवोदितांना स्वस्त केल्याने त्यांचेच अनुभवी सहकारी महाग ठरले. ज्यांच्या नावाने मर्यादा आणली, त्यांच्यातल्याच अनेकांना तिने बाहेर काढले.

आणि आता ज्यांच्यासाठी हा लेख मुळात लिहावासा वाटला त्यांच्याकडे येतो: रनिंग बॅक. चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा खेळाडू. प्रत्येक धावेला शंभर-सव्वाशे किलोची दोन-तीन माणसे अंगावर येतात. ही जागा तरुण पायांची आहे. क्वार्टरबॅक पस्तिशीतही बहरात असतो. रनिंग बॅकची उत्तम वर्षे बावीस ते सव्वीस, म्हणजे नेमकी पहिल्या कराराची.

जेम्स रॉबिन्सन इलिनॉय स्टेटसारख्या छोट्या महाविद्यालयीन संघातून आला. 2020 च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत त्याला कोणी घेतले नाही. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने थेट करारावर घेतले, पहिल्या वर्षाचा पगार लीगच्या किमान 6 लाख 10 हजारांचा. त्या हंगामात तो 1070 यार्ड धावला, आणि धाव व झेल मिळून 1414 यार्डांचा, ड्राफ्टबाहेरच्या नवोदितांमधला विक्रम केला. संघाने त्या वर्षी एकच सामना जिंकला होता. रॉबिन्सन नसता तर पाहण्यासारखे काही उरले नसते. नियमानुसार दुसरा हंगाम संपल्यावर त्याला वाढ मागता आली असती. 26 डिसेंबर 2021 ला, दुसऱ्या हंगामाचे मोजके सामने उरले असताना, त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये जॅक्सनव्हिलने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवून दिले. तो पुन्हा पहिल्यासारखा धावला नाही. त्याच्या उत्तम वर्षाची किंमत त्याला कधीच मिळाली नाही, आणि ती कोणी बुडवली म्हणून दावाही करता येत नाही, कारण सगळे नियमाला धरून झाले.

वरच्या क्रमांकाच्या रनिंग बॅकांचीही स्थिती फार वेगळी नाही. पिट्सबर्गचा लेव्हियन बेल 2017 मध्ये टॅगवर खेळला; 2018 मध्ये दुसऱ्यांदा टॅग लावला तेव्हा सुमारे 1 कोटी 45 लाख डॉलर नाकारून अख्खा हंगाम घरी बसला. सॅक्वॉन बार्कली 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला, चार वर्षे, मग पाचवे, मग 2023 मध्ये सुमारे 1 कोटी 1 लाखाचा टॅग. जुलै 2023 मध्ये लीगमधल्या आघाडीच्या रनिंग बॅकांनी ऑनलाइन बैठक घेऊन आपल्या जागेचा भाव का पडतो आहे यावर चर्चा केली. त्यांच्या हातात करण्यासारखे काही नव्हते. बार्कली सहा वर्षांनी मोकळा झाला, फिलाडेल्फियाला गेला आणि 2024 च्या हंगामात 2005 यार्ड धावून सुपर बोल जिंकला. त्याचे शरीर टिकले म्हणून ही गोष्ट सांगता येते. खेळाडूंच्या संघटनेने वर्षानुवर्षे दिलेला सरासरी कारकिर्दीचा आकडा 3.3 वर्षे आहे. लीग म्हणते की जो पहिल्या हंगामात अंतिम संघात बसतो त्याची सरासरी सहाच्या आसपास जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पहिला धरला तर सरासरी खेळाडू दुसऱ्या करारापर्यंत पोहोचतच नाही.

पाचव्या वर्षाच्या कलमाने तर काही वेळा खेळाडूला मैदानाबाहेरच बसवले. 2012 चा दुसऱ्या क्रमांकाचा रॉबर्ट ग्रिफिन याच्यासाठी वॉशिंग्टनने 2016 चे सुमारे 1 कोटी 61 लाखांचे वर्ष राखून ठेवले. ती रक्कम तेव्हा फक्त दुखापत झाली तर हमीची ठरत असे. 2015 चा पूर्ण हंगाम तो धडधाकट असून एकाही सामन्यात उतरला नाही, आणि मार्च 2016 मध्ये त्याला सोडून दिले. 2020 च्या करारात हे सुधारले: पाचवे वर्ष घेतले की ते पूर्ण हमीचे. त्याच करारात खालच्या फेऱ्यांतून येऊन नियमित खेळणाऱ्यांना चौथ्या वर्षी पगारवाढीचे टप्पेही वाढवून मिळाले. सुधारणा होऊ शकते याचा हा पुरावा आहे, फक्त ती चौथ्या वर्षी येते.

इतर खेळांत काय आहे? बास्केटबॉलच्या एनबीएने 1995 मध्ये नवोदितांची वेतनश्रेणी आणली, कारण आदल्या वर्षी ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीकडून दहा वर्षांचे 6 कोटी 80 लाख घेतले होते. आइस हॉकीतही 1995 लाच मर्यादा आली, ओटावाच्या अलेक्झांडर डेगलच्या 1 कोटी 22 लाखांच्या कराराची धग लागल्यावर. बेसबॉलने 2012 पासून ड्राफ्टमधल्या बोनसला लगाम घातला. सगळीकडे कथा एकच: एक मोठा करार, मग मर्यादा. पण बास्केटबॉलपटू तिशीतही शिखरावर असू शकतो, आणि हॉकीत अठरा-वीस वर्षांच्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांत संपतो. जिथे शरीर सर्वांत लवकर झिजते त्या खेळात पहिला करार सर्वांत घट्ट, ही विसंगती फुटबॉलचीच.

आपल्याकडच्या आयपीएलनेही ही वाट थोडी चालून पाहिली. 2008 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू लिलावात न घालता ठरावीक रकमेवर वाटले गेले. विराट कोहली 30 हजार डॉलरला बंगळुरूकडे गेला. पुढे भारताकडून न खेळलेल्यांना 10 ते 30 लाख रुपयांचे टप्पे बांधून दिले. 2011 मध्ये पुणे वॉरियर्समध्ये आलेल्या मनीष पांडेला टप्प्याबाहेर पैसे मागितल्याबद्दल चार सामने बाहेर बसावे लागले. 2014 पासून असे खेळाडूही लिलावात आले आणि टप्पे गेले. आयपीएल त्यामुळे बुडाली नाही. अर्थात भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडूंची करार करणारी संघटनाच नाही, त्यामुळे तुलना इथेच थांबते.

दरम्यान पायाखालची जमीन सरकली आहे. 2021 पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली, 2025-26 साठी प्रत्येकी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. मधल्या फेऱ्यांत जाईल असा अंदाज असलेला क्वार्टरबॅक आता आणखी एक वर्ष महाविद्यालयात काढण्याचा विचार गंभीरपणे करतो, कारण तिथे गिऱ्हाइके अनेक आहेत आणि दरवर्षी बदलता येतात. ज्यांना हौशी म्हणायचे त्यांचा बाजार खुला आणि ज्यांना व्यावसायिक म्हणायचे त्यांचा बंद, अशी स्थिती आली आहे. याचा दाब वरही जाणवू लागला आहे. 2025 मध्ये ह्यूस्टनने दुसऱ्या फेरीतल्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमीचा करार दिला, दुसऱ्या फेरीत असे पहिल्यांदाच घडले, आणि त्याच फेरीतले अनेक जण तसाच करार मागत जुलैपर्यंत सही न करता थांबले. रक्कम ठरलेली असताना त्यांनी मागितली ती हमी.

त्याच 2025 मध्ये टेनेसीने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा पूर्ण करार सुमारे 4 कोटी 88 लाखांचा आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या ब्रॅडफर्डच्या नुसत्या हमीपेक्षाही तो कमी भरतो. या काळात संघाच्या एकूण पगाराची मर्यादा 2011 च्या सुमारे 12 कोटींवरून 27 कोटी 92 लाखांवर गेली. मला वॉर्डची चिंता नाही. त्याला पुरेसे मिळाले आहे. पाचव्या फेरीतल्या रनिंग बॅकची आहे.

सध्याचा करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे, पण मालकांना हंगामात अठरावा सामना हवा आहे आणि त्यासाठी संघटनेशी लवकर बोलावे लागेल. सतरावा सामना 2021 मध्ये आला तेव्हा नवोदितांच्या मुदतीला कोणी हात लावला नाही. या वेळी संघटनेने त्या सामन्याच्या बदल्यात वर्षे मागावीत. वरच्या क्रमांकांची रकमेची मर्यादा राहू द्या. ड्राफ्टमधल्या प्रत्येकाचा पहिला करार तीन वर्षांवर आणा, ड्राफ्टबाहेरच्यांचा दोनवर. फेरबोलणीचा हक्क दुसऱ्या हंगामानंतर द्या, आणि ज्याने पहिल्याच हंगामात निम्म्याहून अधिक चालींना मैदानावर हजेरी लावली त्याला एका हंगामानंतर. पहिल्या करारानंतर लागणारा टॅग रनिंग बॅकांपुरता तरी बंद करा. यातली शेवटची मागणी मालक सहज मान्य करणार नाहीत, आणि क्वार्टरबॅकांच्या भल्यामोठ्या दुसऱ्या करारांवर परिणाम होणार असल्याने संघटनेतले बडे खेळाडूही कुरकुर करतील. म्हणूनच पुढच्या वाटाघाटीच्या समितीत पहिल्या करारावर खेळणाऱ्या निदान दोन-तीन खेळाडूंना मतासह बसवायला हवे, आणि त्यांतला एक ड्राफ्टबाहेरून आलेला हवा.